काटा

फॉर्ममध्ये तीन चौकोन:
ध्येय. दृष्टी. मूल्यं.
प्रत्येकात चाळीस शब्द मावतील एवढी जागा,
खाली मुदत: शुक्रवार, सायंकाळी पाच.

ओबुया म्हणाला, 'आपोंडी, तू लिही. सुरुवात तू केलीस.'
मी लिहिलं,
'पूर्व आफ्रिकेतल्या शीतसाखळीचं भविष्य घडवणं.'
वाचताना मलाच हुडहुडी भरली.
खोडलं.

खिडकीतून दिसत होतं ते एवढंच:
किसुमूच्या किनाऱ्यावर एक निळा कंटेनर,
टपावर चोवीस सौर पॅनेल,
त्यांवर एक टकला मराबू करकोचा,
सगळं आपणच उभारलं अशा थाटात.
संस्थापक असावा.

ध्येय.
मावशी आठवली. दुपारी दोनची मावशी.
सकाळी जिभेवर निखारा,
आणि दोननंतर गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला मान डोलावणारी,
कारण टोपलीतला मासा कुणासाठी थांबत नाही.
लिहिलं: 'दुपारी दोननंतरही
बायकांना "नाही, परवडत नाही" म्हणता यावं.
बर्फ त्यासाठी आहे.'
ओबुयानं शब्द मोजले. 'उरलेल्या जागेचं काय?'
राहू दे मोकळी.

दृष्टी सोपी निघाली.
इथे मासा डोळ्यानं ओळखतात.
ताजा असला तर बुबुळ पाणीदार,
शिळ्यावर दुधाळ पडदा.
'बारा तासांनी, दूर कुठल्या तरी स्वयंपाकघरात,
स्वच्छ डोळ्यानं बघणारा मासा.'
'तो तर मेलेला असेल.'
हो. पण आपल्याकडे बघत असेल, ओबुया.

तिसऱ्या चौकोनात मी भराभर लिहिलं
सचोटी, पारदर्शकता, समुदाय,
पाहुण्यांसाठी ठेवणीतले पेले काढावेत तसे.
तेवढ्यात मिन ऊको आली.

बर्फ न्यायला नव्हे.
लेसोच्या गाठीत दगड होता,
काळा, गुळगुळीत, सरोवरातला.
'माझ्या सासूचा. बरोब्बर दोन किलो.
तीस वर्षांत एकदाही खोटं बोलला नाही.'
आणि आमच्या काट्यावर ठेवला.

दोन किलो तीनशे.

ती काहीच बोलली नाही. दगड उचलून गाठ बांधली.

काटा बसवल्याला सत्तर दिवस.
साठ बायका, दिवसाला पाच-पाच किलो,
किलोमागे तीन शिलिंग.
त्रेसष्ट हजार.
आम्ही काटा मारत होतो
आणि आमचा आम्हालाच पत्ता नव्हता.

'शुक्रवारनंतर सांगू,' ओबुया हळूच म्हणाला,
'थोडी थोडी सवलत देऊन फेडू. कळणारही नाही कुणाला.'
तो वाईट माणूस नाही.
पगाराच्या वहीत त्याच्या नावापुढे
दोन महिने कोरे आहेत.
आणि खात्यात होते एकाहत्तर हजार.

मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, बराच वेळ बसले.
घशात माशाचा काटा अडकला की
उगालीचा मोठा घास गिळ, आई सांगायची,
म्हणजे जातो खाली.
कधी कधी जातो.

गुरुवारी उजाडताच रांग लावली.
प्रत्येकीला एक हजार पन्नास.
एक म्हणाली, 'चोराला परत करताना पहिल्यांदाच बघतेय.'
एकीनं दोनदा मोजले, मोजू दे.
एकीनं पैसे घेतले, बर्फ घेतला नाही,
आणि पाठ फिरवून गेली.

मिन ऊकोकडे मी दगड मागितला.
'देणार नाही,' म्हणाली. 'रोज घेऊन येईन.'

शुक्रवार, पावणेपाच.
सचोटी खोडली. पारदर्शकता खोडली.
समुदायावर पेन थोडं थांबलं,
मग ती पाठमोरी आठवली. तोही खोडला.
मूल्यं विचारली होती.
लिहिलं:
'रोज सकाळी सहाला
आमच्या काट्यावर बाहेरचा दगड ठेवला जातो.'

ओबुयानं बटण दाबलं.
खात्यात आठ हजार.
टपावर करकोचा, अजून तिथंच,
पंख पसरून आमची वीज अडवत.